काकूच्या दातांखालचा दाणा

धानाचा दाणा काकूच्या दातांखाली फुटल्याचा ‘कट्’ आवाज अजून माझ्या कानांत आहे. त्यावरून धान किती सुकलं आणि केव्हा विकावं, ते तिला अचूक कळे. व्यापाऱ्याला मात्र काकाच सांगत, जणू स्वतःच्या अकलेनं.

एकदा आम्ही तिघांनी गोंदियात एक विनोदी सिनेमा पाहिला. त्यात शेअर बाजाराची नाडी ओळखणाऱ्या चहावालीचं श्रेय साहेब लाटतो. शेवटी त्याच्या खुर्चीत तीच बसते. थिएटर हसत होतं. काका वळून काकूकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी व्यापारी अंगणात आला. “बोला भाऊ, उचलू का धान?”

“मले काऊन विचारता? हिले विचारा.”

“आता वहिनी सौदा करतील?” तो हसला.

काकूनं दाणा चावला. आवाज मऊ आला; धान अजून ओलं होतं.

“काकू, विकायचं?” मी विचारलं.

सगळ्यांदेखत, खणखणीत आवाजात ती मला म्हणाली, “थांब.”