ग्राफिक्स कार्डाला पाणी

आमच्या गावात कशालाही पाणी द्यायचं म्हटलं की सल्ला देणाऱ्यांची वानवा नसते. मग ते उसाला असो, नाहीतर माझ्या कॉम्प्युटरला.

पुण्यातली नोकरी नकोशी होऊन मी गावी आले ते ऐन उन्हाळ्यात. कराड आणि सांगलीच्या मधलं कृष्णाकाठचं आमचं गाव. माझं काम म्हणजे अजून बांधलेल्याच नसलेल्या इमारती बांधून झाल्यासारख्या पडद्यावर दाखवायच्या. साहेबांनी राजीनामा घेतला नव्हता. "महिनाभर घरी राहा, डोकं शांत कर आणि शेवटच्या सोमवारी सकाळी काय ते सांग," म्हणाले होते. मला परत जायचं नव्हतं. पण घरीही कोणी राहा म्हणेना. अण्णांना, म्हणजे वडिलांना विचारलं तर म्हणायचे, "तुजं तू बग." आईला विचारलं तर ती भाकरी थापत राहायची. मला त्याचा भयंकर राग यायचा.

तेवढ्यात सांगलीतल्या एका नव्या मंगल कार्यालयाची तीन मिनिटांची फिल्म करायचं काम आलं. त्याच सोमवारी दुपारी भूमिपूजन होतं आणि पाहुण्यांना ती तिथे दाखवायची होती. माझं स्वतःचं असं हे पहिलंच काम. ते वेळेत झालं तर गावात राहून पोट भरता येतं हे सिद्ध होणार होतं. नाही झालं तर बॅग भरून पुण्याची एसटी.

अडचण होती ती उन्हाची. माझी खोली पत्र्याची. कॉम्प्युटरमधलं चित्र काढणारं जे ग्राफिक्स कार्ड असतं, ते जोरात कामाला लागलं की तापतं. त्याचे पंखे खोलीतलीच गरम हवा त्याच्यावर मारायचे. तासाभरात ते ढेपाळायचं आणि मशीन बंद पडायचं. शेवटी मी ठरवलं, याला पाण्याने गार ठेवायचं. कार्डावर केसाएवढ्या बारीक चरांची तांब्याची पट्टी बसवायची, छोट्या पंपाने तिच्यातून पाणी फिरवायचं, आणि तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये निववून परत टाकीत आणायचं.

अण्णा फौजेतून रिटायर होऊन उसात रमलेले. त्यांनी हे ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"करंट आन् पानी एका डब्यात? फौजेत असतीस तर कोर्ट मार्शल झालं असतं तुजं."

पण यात पंप आहे हे कळल्यावर त्यांचा सूर बदलला. किती एचपीचा, म्हणून विचारलं. मी मुठीएवढा पंप काढून दाखवला. ते इतके हसले की ठसका लागला. त्यानंतर मात्र दोन दिवस त्यांनी माझी पाठ सोडली नाही.

पहिलं भांडण नळीवरून झालं. मी हौसेने पारदर्शक नळी मागवली होती. आतून केशरी कूलंट फिरताना दिसेल, वर रंगीत दिवे चमकतील, असा माझा बेत.

"उजेड लागला की शेवाळ धरतंय," अण्णा म्हणाले. "ठिबकची नळी काळी का असती?"

"अण्णा, हे काय ठिबक आहे का?"

"मग काय पाट हाय?"

मी तणतणत माहितीपुस्तक उघडलं. त्यातही तेच लिहिलं होतं, की शेवाळ टाळायला काळी नळी वापरा. मी पुस्तक मिटलं. अण्णांनी आणलेली काळी रबरी नळी निमूट बसवली.

शनिवारी संध्याकाळी बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट टाकीत ओतून पंप चालू केला. तो गुळण्या केल्यासारखा आवाज करायला लागला. मी घाबरले. अण्णांना मात्र जन्माचा मित्र भेटल्यासारखं झालं.

"हवा धरलीया," म्हणाले. मग त्यांनी कॉम्प्युटरचा पेटारा दोन्ही हातांनी उचलून असा उजवीकडे, असा डावीकडे कलता केला. नळीतले बुडबुडे एकेक करून टाकीत आले आणि आवाज बंद झाला. उरलीसुरली हवा जावी म्हणून टाकीचं झाकण उघडं ठेवून आम्ही जेवायला गेलो. जेवणानंतर चाचणी घेतली. कार्ड पंचावन्न अंशांच्या वर जाईना. गल्लीतले दोघे-तिघे बघायला आले. त्यातल्या एकाने रोज किती तास पाणी सोडता, असं अगदी गंभीरपणे विचारलं. अण्णांनीही तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं.

रविवारी सकाळी सहाला मी फिल्मचं काम लावलं. अकराच्या सुमारास कार्डाचं तापमान चढायला लागलं. सत्तर, ऐंशी, अठ्ठ्याऐंशी आणि मशीन बंद. चाळीस टक्के काम झालेलं, साठ टक्के बाकी. मी पहिल्यांदा नळीला नावं ठेवली, मग गावाच्या उन्हाला, आणि शेवटी अण्णांनाच. अण्णांनी शांतपणे नुसता पंप चालू करून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्याला लावलं आणि मूठ कानाला.

"मोटर ठणठणीत हाय. फुडं कायतरी तुंबलंय. ठिबकला आमी ॲसिड सोडतो, तसं जरा..."

"अण्णा!" मी किंचाळले.

मग ॲसिड बाजूला ठेवून आम्ही पाणी परातीत काढलं आणि कार्डावरच्या पट्टीचं झाकण खोललं. त्या केसाएवढ्या चरांमध्ये लालपिवळा गाळ बसला होता आणि गाळात कसल्यातरी पांढऱ्या, फुगलेल्या कण्या. मला वाटलं बुरशी. अण्णांनी बोटावर घेऊन वास घेतला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आवो बाईसायेब, जरा हिकडं या!"

आई हात पुसत आली. परातीत बघितलं. चेहऱ्यावर अपराधीपणा नावालाही नाही.

"मग? मोटर बसवली, पानी सोडलं आन् दोगं तशीच जेवाया बसला. हळदकुकू न्हाई, अक्षता न्हाई. आपल्या हिरीवर असं कवा केलंय का? झाकण उगडंच व्हतं, म्या चिमूटभर वाहिलं."

"अगं, बाहेरून लावायचं ना! आत कशाला टाकलंस?"

"पान्याला वाहायचं ते पान्यातच वाहत्यात," आई म्हणाली.

उत्तर नसलं की मी ओरडते. तुझ्यामुळे माझं काम गेलं, उद्या मी पुण्याला चालले, आता बस म्हणावं तुझ्या देवाला माझ्या खोलीत, असं बरंच काही बोलले. आई पदराशी चाळा करत म्हणाली, "त्याच्यासाटीच तर वाहिलं. म्हटलं, हे बंद पडू ने आन् पोरगी परत जाऊ ने. तुला ऱ्हा म्हनायला जीब उचलत न्हाई गं माजी. एवडी शिकलेली तू, तुला कसं अडवायचं?"

मी अण्णांकडे बघितलं. ते परातीतल्या पाण्यात बोट फिरवत होते.

"नारळ तर म्या बी बोललोय सिद्धनाथाला," ते पुटपुटले. "पर म्या त्यो आत न्हाई टाकला."

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. महिनाभर मी या दोघांवर चिडून होते आणि महिनाभर ही दोघं मला घाबरून होती.

पुढचं सगळं आईनेच केलं. रोज तांदूळ निवडणारे डोळे ते. चष्मा लावून तिने पट्टी मांडीवर घेतली आणि टाचणीने एकेक कणी काढली. जुन्या ब्रशने चर घासून लख्ख केले. नळ्या आणि पंप धुऊन झाल्यावर कूलंट उरलं नव्हतं म्हणून नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरलं. अण्णांनी पुन्हा पेटारा डावीउजवीकडे कलवून हवा काढली. या वेळी आईने हळदकुंकू पेटाऱ्याला बाहेरून लावलं आणि मी तिला बोट कुठे टेकायचं ते दाखवलं. चारला काम पुन्हा सुरू झालं.

फिल्म मध्यरात्री पूर्ण झाली आणि सोमवारी भूमिपूजनाला वेळेत पोहोचली. पण मी साहेबांना फोन लावला तो रविवारी संध्याकाळीच, कार्ड बासष्टवर स्थिर होतं आणि निम्मी फिल्म व्हायची होती तेव्हा. अण्णा आणि आई दारात उभे होते, दोघंही दुसरीकडे बघत.

"सर, मी येत नाही," मी म्हणाले.

"तिकडे काही पक्कं झालं का?"

"नाही, अजून काहीच नाही."

"मग कशाच्या भरवशावर राहतेयस?"

"घरच्यांनी राहा म्हटलंय," मी म्हणाले.