गुहा पाहून आलेले काका

आमच्या नगरच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे काका मूळचे पारनेरकडचे. लिंबं महागली म्हटलं तरी ते दोन वाक्यांत छत्तीसगडला पोहोचतात. तिथल्या आडबाजूच्या राष्ट्रीय उद्यानात एक नैसर्गिक गुहा आहे, ती ते गावच्या मंडळींबरोबर पाहून आलेत.

"आत लई अंधार. दगडाचे खांब, आन् मधी आपोआप झालेला महादेव. म्हून समद्यांनी चपला भायेर काढल्या."

खांब कसे होते, असं विचारलं तर "मोठे हुते" एवढंच. चपलांवर आले की मात्र गाडी सुसाट. सरपंचांची करकरणारी कोल्हापुरी, आत्याबाईंची पट्टा शिवलेली, सगळं आठवतं.

परवा संध्याकाळी वीज गेली आणि तळघरातली पाण्याची टाकी भरून वाहायला लागली. व्हॉल्व्ह बंद करायला मी मोबाईलचा उजेड पाडत निघालो, काका मागून आले. दोन पायऱ्या उतरले आणि भिंत धरून थांबले. कपाळावर घाम.

"खाली पानी हाय. चपला काढा," ते म्हणाले. "तुमी जावा आत. मी चपला सांभाळतो."

व्हॉल्व्ह बंद करून वर आलो, तर माझ्या चपला पुसून, पुढं तोंड करून मांडलेल्या. काका माझ्याकडं बघत नव्हते.

मी चपला घालत विचारलं, "काका, त्या गुहेबाहेर चपलांपाशी माकडं होती का हो?"

त्यांनी क्षणभर मला निरखलं. मग चेहरा उजळला.

"लई! पाटलाचा बूटच पळवला की एकानं. मी काठी घिऊन पार झाडापातूर..."