कशेळ्याच्या गिरणीतला मुका काटा

सकाळी पनवेलहून निघाले तेव्हा खांद्यावर लॅपटॉप आणि पिशवीत केबलींचा गुंता होता. वजनकाटे संगणकाला जोडून देणं हा माझा धंदा. त्या आठवड्यात संगणकाच्या सिस्टीमचा गाभा (कर्नल) अपडेट झाला आणि माझ्या गिऱ्हाइकांचे काटे मुके झाले. काट्यावर आकडा दिसायचा, पण सीरियल केबलमधून संगणकापर्यंत काही पोचायचंच नाही.

आधी मोहोपाड्याला एका गोदामात गेले. घोळ तिथेच सापडला. अंध माणसांना बोटांनी वाचता यावं म्हणून ठिपके उठवणारी ब्रेलची पट्टी असते. ती चालवणारा प्रोग्राम सिस्टीममध्ये आपसूक येतो, आणि अपडेटनंतर तो काट्याच्या केबललाच पट्टी समजून बळकावून बसत होता. मी तो काढून टाकला आणि दहा मिनिटांत काम फत्ते!

स्वतःवर जाम खूश होऊन चौकमार्गे कर्जत गाठलं. वडापाव खाल्ला, कशेळ्याची जीप पकडली. शेजारच्या आजींनी न विचारता सुकटीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, ती कशेळं येईपर्यंत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेली खाचरं होती. माझ्या ओढणीला मात्र सुकटीचा वास लागला तो लागलाच.

भातगिरणीत गोण्यांची रांग लागलेली. शेठनी दारातच सुनावलं, दुपारपर्यंत वजन संगणकावर दिसलं नाही तर उद्यापासून काट्यावर त्यांचा मेव्हणा बसणार. काट्यावर बसणारे काशिनाथदादा कोपऱ्यात उभे होते. मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. कीबोर्डखालची एक लांबट वस्तू अडचण म्हणून बाजूला सारली, मोहोपाड्याचाच उपाय केला आणि आकडा पडद्यावर आला.

"झालं तुमचं काम," मी ऐटीत म्हटलं.

काशिनाथदादा टेबल चाचपत आले. मी सारलेली वस्तू शोधून त्यांनी तिच्यावर बोटं ठेवली.

"ताई, काटा बोलतोय खरा. पण माझी पट्टी गेली. आता मला नाय वाचता येत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दारात घुटमळणाऱ्या मेव्हण्याने तर तोवर खुर्ची ओढलीसुद्धा.

प्रोग्राम परत उतरवायला हवा, आणि गिरणीत रेंज नाही! शेवटी गोण्यांच्या थप्पीवर चढून मोबाइल उंच धरला, एकदा घसरले, अंगभर तूस. प्रोग्राम आला. मग फक्त काट्याच्या केबलवर हक्क सांगणारी त्यातली एक ओळ शोधली आणि तेवढीच काढली. पहिली गोणी चढली. दादांनी पट्टीवरून बोटं फिरवली आणि म्हणाले, "अठ्ठेचाळीस किलो, दोनशे." गोणीवाल्याने काट्यावर बघून मान हलवली. शेठनी मेव्हण्याला चहा सांगायला पाठवलं.

चहा घेताना मी माफी मागितली. दादा मंद हसले.

"ती वळ (ओळ) कुठली, तेवढं सांगून जा. पुढल्या वेळी मीच काढीन. तुमी आलात का सगळंच काढून टाकता."

परतीच्या जीपमध्ये ते आठवून हसू यायचं आणि मान खाली जायची. कर्जत यायच्या आत उद्याच्या गिऱ्हाइकाला फोन लावला. तो केबलीचं रडगाणं सांगायला लागला, त्याला मध्येच थांबवलं.

म्हटलं, "ते नंतर. आधी सांगा, काट्यावर बसतं कोण?"