कुलूप ओढून पाहणारी

त्या पोरीची केस मला अजून जशीच्या तशी आठवते. शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार होऊन निवृत्त झालो. शिक्षण दहावी नापास. कॉम्प्युटर म्हणजे ठाण्यात कपड्याखाली झाकून ठेवलेली वस्तू, एवढंच मला माहीत.

तेव्हा वऱ्हाडात शेतीचे दिवस फार वाईट होते. सरकारी मदतीचे अर्ज इंटरनेटवर भरायचे असत. अमरावतीच्या एका कार्यालयाने तक्रार दिली, की अज्ञात इसमाने आमच्या वेबसाइटमध्ये घुसून लोकांचे अर्ज उघडले. गुन्हा नोंदण्याआधी ठाणेदारांनी प्राथमिक चौकशी माझ्याकडे दिली. माग निघाला तो अचलपूरच्या एका इंटरनेट कॅफेचा. कॅफेवाल्याने न विचारताच सांगून टाकलं, "टेलरची पोरगी, साहेब. रोज येते, बायांचे अर्ज भरून देते."

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी घ्यायचा, हा नियम. महिला शिपाई सोबत घेऊन एस.टी.ने गेलो. वर्दी दिसताच बापाचं शिलाई मशीन थांबलं. पोरगी बावीस-तेवीसची.

"लोकांचे अर्ज तू उघडले?"

"हो, उघडले."

नाही म्हणणारे शेकड्याने पाहिले. अशी सरळ हो म्हणणारी पहिलीच.

"काहून?"

"उघडतात का ते पाहाले. वरच्या पत्त्यात अर्जाचा नंबर असते. त्यातला एक आकडा बदलला की शेजारणीचा अर्ज निघते. तिचा खाते नंबरही बदलता येते, चाचा. मी कायीच बदललं नाही. दुसऱ्याच दिवशी कार्यालयात लेखी देऊन आली."

"पोच घेतली?"

बाप म्हणाला, "मीच नको म्हटलं, साहेब. एवढ्या मोठ्या हापिसात पोच मांगनं बरं दिसत नाही. पुण्याले नोकरी लागली तिले. पोलीस पडताळणी बाकी हाय. गुन्हा लागला तं सारं गेलं."

परत येऊन विचारलं, तर कार्यालयाचे साहेब म्हणाले, तिचा असा कोणताही कागद आमच्याकडे आला नाही. मी मनात ठरवून टाकलं, पोरगी खोटं बोलते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना बायकोला हे सांगितलं. वांग्याची भाजी वाढता वाढता ती म्हणाली, "अवो, चोर आपलं नाव-गाव लिवून देते काय? तुमी शिपाई होते तवा दुकानांची कुलपं ओढून पाहात होते. मंग तुमीबी चोरच!"

घास हातातच राहिला. खरंच, गस्तीवर आम्ही प्रत्येक कुलूप ओढून पाहायचो. उघडं सापडलं की मालकाला निरोप. एका सराफाने तर उलट मलाच झापलं होतं, माझ्या कुलपाला हात काहून लावला म्हणून.

हात धुतला आणि थेट कार्यालयात गेलो. साहेबांना न विचारता बाबूकडे आवक बारनिशी मागितली. आलेला प्रत्येक कागद त्या वहीत चढतो. तक्रारीच्या अकरा दिवस आधीची नोंद सापडली. पोरीचं नाव, गाव, विषय 'वेबसाइटमधील चूक'. बाबू हळूच म्हणाला, "साहेब लय तापले होते. म्हणे, कालची पोरगी मले शिकवून राहिली."

नोंदीची नक्कल ठाणेदारांपुढे ठेवली. गुन्हा दाखल झाला नाही. वेबसाइट दुरुस्त झाली. पोरगी पुण्याला रुजू झाली.

काही वर्षांनी मिठाई घेऊन घरी आली. म्हणाली, "चाचा, आता कंपन्या सोताच सांगतात, आमच्यातली चूक शोधा, गुपचूप आमाले कळवा अन् बक्षीस घ्या. मले भेटलं."

बायको म्हणाली, "अन् आमच्या फौजदाराले काय भेटलं? वांग्याची भाजी!" तिघंही हसलो.

चूक दाखवणाऱ्याचा माणसाला चोरापेक्षा जास्त राग येतो, हे त्या केसने मला शिकवलं. मी तरी कुठे वेगळा होतो? घराला कुलूप लावलं की बायको मागून ते ओढून पाहायची. मी चिडायचो, "माझ्यावर भरोसा नाही?" ती म्हणायची, "तुमच्यावर हाय. कुलपावर नाही."

ती जाऊन दोन वर्षं झाली. परवा अकोल्याला लेकीकडे निघालो. कुलूप लावलं, पायऱ्या उतरलो. मागून ओढल्याचा आवाज आला नाही, म्हणून थांबलो. परत वर चढलो आणि ओढून पाहिलं.

उघडंच होतं.