दवंडीतली नावाची जागा

आमच्या गावात कोण गेलं हे मला सगळ्यांच्या आधी कळायचं, कारण माझ्या आणि दवंडीवाल्या भाऊंच्या घराची भिंत एकच. मी ब्लाउज शिवते, माझं मशीन त्याच भिंतीला लागून आहे. पलीकडं भाऊ माइकसमोर बसून बोलायचे, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की," आणि माझा पाय थांबायचा. पुढं नाव यायचं. मग ते रेकॉर्डिंग रिक्षावरच्या भोंग्यातून शिरूरच्या रस्त्यापासून दौंडच्या रस्त्यापर्यंत वस्त्या-वस्त्यांवर फिरायचं.

तोच माणूस साड्यांचा सेल सांगायचा, डोळे तपासणी सांगायचा, हरवलेल्या म्हशीचं वर्णन करायचा. पण लोकांच्या मनात त्या आवाजाला मरणच चिकटलेलं होतं. रिक्षा वळली की बायका हातातलं काम सोडून पहिलं वाक्य ऐकून घ्यायच्या. सेल निघाला की जीव भांड्यात पडायचा. घरात मात्र भाऊ इतकं हळू बोलायचे की, "ताई, वाटीभर साखर हाय का," हे मला परत विचारून घ्यावं लागायचं.

ते पडले तेही रेकॉर्डिंग करताना. कुठल्याशा आरोग्य विम्याच्या शिबिराची दवंडी होती. "संकट सांगून येत नाही, आजच विमा," एवढं मला भिंतीतून ऐकू आलं, आणि मग काहीतरी जड पडलं. स्वतःचा विमा भाऊंनी कधीच काढला नव्हता. गावाला कानीकपाळी ओरडून सांगितलं आणि स्वतः कोरडेच राहिले, याचा मला अजून राग येतो.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. शिक्रापूरला हायवेवरच्या दवाखान्यात नेलं, तेच जवळ होतं. सरकारी योजना तिथं लागू नव्हती, आणि दुसरीकडं हलवणं धोक्याचं होतं. वहिनींचं डोरलं, भिशी, माझे शिलाईचे साठवलेले, सगळं पहिल्या ऑपरेशनला गेलं. आता दुसरं करायला लागणार होतं आणि त्याचे पैसे उद्या सकाळी भरायचे होते. मी काचेतून भाऊंना पाहिलं. तोंडात नळी होती. मशीन हलवील तशी छाती हलत होती.

कल्पना भाऊंच्या मेव्हण्याची. रिक्षा तोच चालवायचा. भाऊंनी पूर्वी एका ट्रक ड्रायव्हरच्या ऑपरेशनसाठी केलेलं मदतीचं आवाहन पेनड्राइव्हमध्ये होतं. शिवाय प्रत्येक दवंडीच्या शेवटी भाऊ स्वतःचं नाव सांगत. मेव्हण्यानं ते नाव तिथून कापलं आणि ड्रायव्हरच्या नावाच्या जागी बसवलं. गाव त्या आवाजाला ऐकतं, हे मलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, फिरवा.

वहिनी कपडे न्यायला घरी आल्या होत्या. मी डबा भरत होते, आणि मारुतीच्या देवळाकडून आवाज आला. खणखणीत, दमदार. "आपल्याच गावातील कष्टाळू बांधव आज मृत्यूशी झुंज देत आहे." मग भाऊंनी स्वतःचं नाव घेतलं. सकाळीच मी ती नळी पाहिली होती. वहिनींच्या हातातली पिशवी गळून पडली. त्या अनवाणी धावल्या, रिक्षापाशी गेल्या आणि वाकून मागच्या सीटवर पाहू लागल्या. तिथं फक्त अॅम्प्लिफायर होता. "फूल ना फुलाची पाकळी," भाऊ त्यांच्या डोक्यावरून सांगत होते.

रिक्षा पुढं गेल्यावर मी आणि वहिनी स्टीलचा डबा घेऊन दारोदार फिरलो. पहिल्याच दारात आबा म्हणाले, "बरा झाला व्हय? आत्ताच आवाज ऐकला की."

"न्हाई आबा, ते दवाखान्यात हायेत," वहिनी म्हणाल्या.

"मग आत्ता कोण बोललं? नाव बी त्यानंच सांगितलं. आजारी माणूस असा बोलतो व्हय, सूनबाई?"

पुढच्या दारातही तेच. कुणाला वाटलं भाऊ घरी आले, कुणाला वाटलं काहीतरी फसवाफसवी आहे. एक बाई तर दार उघडेना. आतूनच म्हणाली, "कोण गेलं त्ये मला सांगू नका, माझी आई शिरूरला आजारी हाय." आणि लांबून भाऊंचा आवाज येतच होता, कधी ओढ्यापलीकडून, कधी पाठीमागून. आम्ही जिथं जाऊ तिथं तो आधीच बोलून गेलेला असायचा. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "ताई, मला वाटतं त्ये तिकडं मोकळं झालं आन् हिकडं फिरत्यात."

माझं डोकं सणकलं. भीती वाटली की मला रागच येतो. चौकात मी रिक्षा अडवली आणि तो पेनड्राइव्ह उपटून काढला. एकदम सगळीकडं शांत झालं. रांजणगावच्या कंपनीची बस नुकतीच थांबली होती, उतरलेली माणसं आमच्याकडं पाहत उभी राहिली. वहिनींनी माइक मागितला. आयुष्यात कधी चार माणसांत बोलल्या नव्हत्या.

"ऐका," त्या म्हणाल्या. भोंगा किंचाळला, मेव्हण्यानं बटण फिरवलं. "आमच्या मालकांच्या तोंडात नळी हाय. तुम्ही ऐकला त्यो आवाज जुना हाय. त्यांना बोलता येत न्हाई, म्हणून मी बोलतीय. उद्या सकाळी पैसं भरायचं हायेत. माझ्याकडं न्हाईत."

घराघरांतून माणसं बाहेर आली. बसमधून उतरलेल्यांनी खिसे उलटे केले. भाड्याच्या खोल्यांतला एक कामगार "भाभी, रख लो" म्हणून नोट टाकून निघून गेला. आबा काठी टेकत आले आणि डब्यात पैसे टाकून मान खाली घालून उभे राहिले. सकाळी पैसे भरले गेले.

भाऊ वाचले. आवाज गेला. डॉक्टर म्हणतात, आता जे आहे ते असंच राहील.

पण लोकांना मरणाची बातमी अजून त्यांच्याच आवाजात हवी असते. मेव्हणा जुनी दवंडी लावतो, फक्त नाव नवं लागतं, ते वहिनी बोलतात. माझ्या भिंतीतून आता दोघं ऐकू येतात. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की," असं भाऊ म्हणतात, मध्ये वहिनी नाव घेतात, पुढचं पुन्हा भाऊ. घर त्यावर चालतं. मी मात्र अशा वेळी मशीन जोरात चालवते.

परवा संध्याकाळी भाऊ ओट्यावर बसले होते, वहिनी मेथी निवडत होत्या. रिक्षा लांबून आली. भाऊंचे ओठ आपल्याच आवाजाबरोबर हलू लागले, आणि नावाच्या जागी थांबले. वहिनींच्या आवाजात कुणाचं तरी नाव गेलं. भाऊंनी वहिनींकडं पाहिलं, बोट भोंग्याकडं केलं, मग त्यांच्या तोंडाकडं, आणि शेवटी स्वतःच्या छातीवर ठेवलं.

वहिनींनी ते बोट मुठीत घट्ट धरलं. "त्येवढं एक नाव मी बोलायची न्हाई," त्या म्हणाल्या. भाऊंनी मान डोलावली, आणि पलीकडच्या गल्लीत त्यांचा आवाज पुढं जात राहिला.