कासमभाईचं सफरचंद आणि आमचे बटाटे

घरातल्या एका खणात जुने चार्जर साठत जातात बघा. कोणी मुद्दाम जमवत नाही, कोणी टाकूनही देत नाही, आणि नेमका लागेल तेव्हा एकही बसत नाही! किस्स्यांचं तसंच आहे. माझ्या डोक्यात त्यांचा असा गुंता झालाय की एक ओढला की सहा बाहेर येतात. आज एक ओढतो. पुढची जबाबदारी माझी नाही.

मी तात्या. शिक्षण सातवी, तीही मास्तर माझ्या तोंडाला कंटाळले म्हणून पास. तीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात काढली. आधी पोती उचलली, मग मुकादम झालो आणि दुसऱ्यांकडून उचलून घेतली. आता रिकामा. कोपरखैरण्यात बोनकोड्याच्या तोंडाशी एक टपरी आहे, तिथल्या बाकड्यावर सकाळी आमचा चौघांचा अड्डा. मी, गावचा मूळ रहिवासी पाटील, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले कांबळे साहेब, आणि मूळचा उरणजवळच्या मोऱ्याचा, पण आता इथेच राहणारा कासमभाई. त्याचं सुक्या मासळीचं दुकान. तो शेजारी बसला की चहालासुद्धा सुकटीचा वास येतो!

*

कासमभाईचा मुलगा मस्कतला. त्याने बापाला फोन पाठवला. मागे चावलेल्या सफरचंदाचं चित्र. कासमभाई तो रुमालात गुंडाळून आणायचा आणि नव्या नवरीचा पदर सरकवावा तसा रुमाल सरकवायचा.

मी फोन उलटा करून बघितला. म्हटलं, "कासमभाई, चावलेला माल आम्ही मार्केटात गाईला घालायचो. तुझ्या पोराने पैसे देऊन घेतला?"

महिन्याभरात कांबळे साहेबांच्या मुलीने त्यांनाही तसलाच दिला. झालं! ते दोघं सफरचंद, पाटील आणि मी बटाटे. आमचे फोन साधे, कोणत्याही दुकानात मिळणारे.

"तात्या, चेष्टा करा," कांबळे म्हणाले, "पण आमच्या फोनला एक स्टेटस आहे."

पाटील बोलला, "साहेब, सफरचंद लोक आजाऱ्याला नेतात. बटाटा वड्यात हाय, भाजीत हाय, उपासाला पन हाय!"

स्टेटसचा विषय तिथेच संपला. वडे मागवले.

*

सफरचंदवाल्यांचं मेसेजचं एक खासगी ॲप असतं. सफरचंदाने सफरचंदाला लिहिलं तर निळं दिसतं, बटाट्याला लिहिलं तर हिरवं. हे कळल्यावर कांबळे साहेब जाम खूश.

"निळा म्हणजे आपला रंग," म्हणाले. "फोनला बरोबर कळतं."

म्हटलं, दाखवा बघू तुमचे निळे कोण कोण. उघडलं तर कासमभाई निळा आणि पाटील हिरवागार!

कासमभाईने डोक्याला हात लावला. "मी निळा आणि पाटील हिरवा? ह्या फोनला माणसातलं काय कळतं रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कासमभाई आला तो हात जोडूनच. "जय भीम, साहेब!"

कांबळ्यांनी पेपरातून मान वर न करता उत्तर दिलं, "वालेकुम अस्सलाम!"

मधे बसलेला पाटील एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे. "आनि मना कोन काय बोलनार हाय का नाय?"

*

एवढं असूनही कांबळ्यांचा कुठल्याच ॲपवर विश्वास नाही. "सगळे वाचतात आपलं," म्हणायचे. जणू काही सातासमुद्रापार कोणीतरी ह्यांच्या बीपीच्या गोळ्यांची नावं वाचायला टपून बसलंय! त्यांनी आम्हा सगळ्यांच्या फोनवर एक गुप्त ॲप टाकायला लावलं. त्यात लिहिलेलं एका दिवसात आपोआप पुसलं जातं.

त्याच सुमारास कासमभाईने आम्हाला गावच्या घरी, मोऱ्याला जेवायला बोलावलं. उरणला सरळ गाडीने जाता येतं, पण त्याला आम्हाला भाऊच्या धक्क्यावरून लाँचने, समुद्रातून आणायचं होतं. लाँचची वेळ भरतीवर असते. ती वेळ काढायचं काम साहेबांकडे. त्यांनी काढली आणि गुप्त ॲपवर टाकली. आम्ही सगळ्यांनी अंगठा दाखवला. वेळ मात्र एकाच्याही डोक्यात राहिली नाही. लिहिलंय ना, मग लक्षात कशाला ठेवायचं!

जायच्या दिवशी धक्क्यावर उभं राहून बघतो तर ॲप साफ. मी विचारलं, "साहेब, वेळ काय लिहिलेली?"

साहेब फोन झटकून बघतायत. वेळ फोनमधून खाली पडणार असल्यासारखे.

म्हटलं, "साहेब, तुमचं गुपित एवढं पक्कं की तुम्हालाच माहीत नाही!"

समोर बघितलं तर लाँच निघालेली, पार लहान झालेली. पलीकडे मोऱ्याला कासमभाई जेवण घेऊन उभा. मेसेज गेला, लाँच गेली, कांबळे राहिले!

*

मग कासमभाईला नातू झाला. मस्कतला. त्याची बायको जुबेदाभाभी सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती तिथे वर्षभर राहिली, आणि कासमभाई इथे एकटा. बाळाच्या अंघोळीचा व्हिडिओ आला तेव्हा त्याने तो हौसेने पाटलाला पाठवला.

आता सफरचंदातून बटाट्यात येताना व्हिडिओ वाटेत आटतो. कासमभाईच्या धंद्यासारखंच, ओली मासळी निघते आणि सुकट पोचते! पाटलाच्या फोनवर पोस्टाच्या तिकिटाएवढं काहीतरी वळवळताना दिसलं. त्याने चष्मा वर केला, खाली केला.

"कासमभाय, पापलेट मस्त हाय! मोऱ्याचं काय?"

कासमभाई दोन दिवस बाकड्यावर फिरकला नाही.

तिसऱ्या दिवशी पाटील स्वतः दुकानात गेला आणि कासमभाईच्या फोनवर तो व्हिडिओ नीट बघितला. बघून विरघळला. "अरे, याचं नाक तर सेम टू सेम तुजं हाय!"

मी मागे उभा होतो. म्हटलं, "म्हणूनच पापलेट वाटलं असेल."

पुढचे दोन दिवस मीही दुकानावर फिरकलो नाही.

*

ह्याच्या पुढचं सगळं भाभी परत आल्यानंतरचं. आली त्यालाही दोन वर्षं झाली होती. आम्ही चौघं पाटलाच्या गाडीतून पनवेलला लग्नाला निघालो. कासमभाई मागच्या सीटवर, कानात वायर नसलेली ती इअरफोनची बोंडं घालून, खिडकीकडे तोंड करून गुपचूप काहीतरी ऐकायला बसला. पण फोन ह्या गाडीला आधी कधीतरी जोडलेला. त्याने बटण दाबलं आणि आवाज आला तो गाडीच्या चारही स्पीकरमधून:

"कासम! कोपरखैरणे! निरोप असा की, सुकट भिजत घातलीत ती काढा, नाहीतर घरात मांजरं शिरतील!"

पाटलाने करकचून ब्रेक मारला. जुबेदाभाभीचा आवाज! आणि भाभी तर घरी. निघताना आम्हाला हात करत होती.

कांबळ्यांनी मागे वळून त्याच्या फोनवर तारीख बघितली. "कासमभाई, हा मेसेज अडीच वर्षांपूर्वीचा आहे. सुकट अजून भिजतेय?"

कासमभाईचं तोंड उकडलेल्या कोळंबीसारखं झालं. मग सांगायलाच लागलं.

भाभी मस्कतहून सुनेच्या सफरचंदावरून रोज असे बोलके मेसेज पाठवायची. तिला वाटायचं, सुरुवातीला नाव-गाव सांगितलं नाही तर एवढ्या लांबून येताना निरोप भलत्याच्याच घरी जाईल! म्हणून प्रत्येक वेळी आधी "कासम, कोपरखैरणे" आणि मग काय त्या शिव्या.

"मग घरी ती लाइव्ह आहे ना," मी म्हटलं. "रेकॉर्डिंग कशाला पाहिजे?"

"तात्या, पस्तीस वर्षांत तिने माझं नाव घेतलं नाही. 'ऐकताय काय', 'अवो', झालंच तर 'ह्याचे अब्बा'. नाव घेतलं ते त्या एका वर्षात. मग सुनेने शिकवलं, अम्मी, नाव सांगायला लागत नाही. बंद! घरी आल्यावर परत 'ऐकताय काय'."

पाटलाने गाडी सुरू केली. स्पीकर बंद करायला मात्र तो विसरला. पनवेलपर्यंत आम्ही सगळ्यांनी भाभीच्या शिव्या खाल्ल्या.

*

आणि नेमकी त्याच सफरचंदाची बॅटरी पुरीसारखी फुगली. काच वर आली. अर्धी बोटाला दाद देईना. वाशीच्या दुकानातली बाई म्हणाली, "काका, हा आता चार दिवसांचा पाहुणा. नवीन घ्या."

मुलगा पाठवतो म्हणाला. कासमभाई म्हणाला, पोराच्या घामाचा दुसरा फोन घेणार नाही, माझा मी बटाटा घेतो. नंबर येतील, फोटो येतील, आपलं सगळ्यांचं मेसेजचं ॲप येईल, बाईने भरभर सांगितलं. भाभीचे निरोप मात्र त्या निळ्या ॲपात. ते ॲप बटाट्यात नसतंच. "त्यातलं इकडे काही येणार नाही, काका."

कासमभाई फोन तसाच रुमालात बांधून परत आला. घेतलाच नाही बटाटा.

पाटलाने उपाय काढला. एकावर वाजवायचं, दुसऱ्यावर भरून घ्यायचं. भरलं. ऐकलं तर भाभी "कासम" म्हणते तेव्हाच मागून टपरीवाला ओरडतो, "दोन कटिंग, एक मस्का पाव!" दुसरा निरोप घ्यावा म्हटलं तर काच दबेना.

कांबळे साहेबांनी तर फुलस्केप कागदच काढला. सुवाच्य अक्षरात मजकूर: "प्रति, मा. व्यवस्थापक, सफरचंद कार्यालय. विषय: पत्नीचा आवाज दुसऱ्या फोनमध्ये वर्ग करणेबाबत."

कासमभाईने पूर्ण अर्ज वाचला. खाली सहीसुद्धा केली! मग हळूच विचारलं, "साहेब, सोबत काय जोडायचं?"

"विवाहाचा दाखला," कांबळे म्हणाले. गंमत नव्हते करत.

*

शेवटी मी माझा जुना धंदा केला, चहाडीचा. कासमभाई दुकानात असताना त्याच्या घरी गेलो. भाभी दारातच भेंडी चिरत बसलेली. सगळं सांगून टाकलं.

"माझी बोलणी त्यांना घरात कमी पडतात काय, तात्याभाऊ?"

म्हटलं, "बोलणी भरपूर आहेत, भाभी. नाव कमी पडतंय."

तिने हातातली भेंडी एवढी बारीक चिरली की कोथिंबीर वाटायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "जावा घरी. उन्हाचे फिरता."

मी आलो. वाटलं, बिघडवलं आपण. उद्यापासून बाकड्यावर तिघंच.

*

शुक्रवारी सफरचंद गेलं. आधी पांढरं झालं, मग काळं. शनिवारी सकाळी कासमभाई बाकड्यावर आला तो नवाकोरा बटाटा घेऊन. पाटील, ज्याने तीन वर्षं ह्या दिवसाची वाट बघितलेली, तोसुद्धा "ये, बस" एवढंच म्हणाला. कासमभाईने चपला काढल्या, पाय वर घेऊन बसला आणि ॲपमधलं भाभीचं पान उघडून आम्हाला दाखवलं. सगळं कोरं. वरपासून खालपर्यंत एक ओळ नाही.

"स्वच्छ आहे," कांबळे म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून.

चहा आला. निवत चालला. आणि टिंग!

बोलका मेसेज होता. भाभीचा. घरातूनच आलेला, दोन गल्ल्या पलीकडून. कासमभाई नुसता बघत बसला. त्याला दाबवेना. बाकड्यावर आम्ही तिघं असे सरकलो की तो मधे चेपला गेला, आणि माझा कान तर त्याच्या दाढीला टेकला. त्याने बटण दाबलं. नवा फोन, आवाज फुल्ल!

"तात्याभाऊ, आधी तुम्ही कान बाजूला घ्या!"

अख्खी टपरी हसली. मी जन्मात कोणाचं ऐकलेलं नाही. मास्तरांचं नाही, बायकोचं नाही. उठलो आणि पार दिव्याच्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो. माझ्या मागून पाटील अनवाणीच आला, त्याच्या मागून पेपर घेऊन कांबळे.

कासमभाईने फोन कानाला लावला. ऐकलं. परत लावला. परत ऐकलं. तिसऱ्यांदा लावला तेव्हा डोळे मिटलेले होते.

"काय बोलली वैनी?" पाटील खांबापासूनच ओरडला.

"साखर आणायला सांगितलीय."

"अरे, तुला डायबेटिस हाय ना? तुज्या घरात साखर कवापासून?"

कासमभाई उठला, आणि पाटलाच्या चपला घालून घराकडे चालायला लागला.