गाडीतल्या चपला

मी व्हॅन चालवायला लागले आणि महिन्याभरात मी तिच्या क्लचची वाट लावली, यावर आमच्या घरात सगळ्यांचं एकमत झालं. गाडी जुनीच घेतलेली होती. पण तिच्या वयाकडे कुणी पाहिलं नाही, माझ्या पायाकडे पाहिलं.

तेव्हा मुरबाडजवळ आमची कोंबड्यांची शेड होती. नवरा कल्याणला नोकरीला जायचा. माळशेजच्या रस्त्यावरच्या हॉटेलांना, पार वैशाखऱ्यापर्यंत, अंडी पोचवायचं काम आधी चुलतदीर करायचा. प्रत्येक हॉटेलात तो अंडी द्यायला उतरायचा आणि जेवून निघायचा. शेवटी मी लायसन्स काढलं.

पण माझ्या हातात आल्यापासून गाडी पहिल्या गिअरला खरखरायची, रिव्हर्सला तर किंचाळायची. क्लच तळापर्यंत दाबून उभी राहिले तरी हळूहळू पुढे सरकायची, मग समोर म्हैस असो की पोलीस.

"वहिनी, बायकांचा पाय क्लचवरनं उठतच नाय," दीर म्हणाला. "प्लेट जाळली तुमी. किल्ली द्या इकडं."

"तुझ्या हातात दिली तर हॉटेलवाल्यांना अंड्यांऐवजी टरफलं मिळतील," मी म्हणाले.

सासऱ्यांनी मधला मार्ग काढला. "आधी मेस्त्रीला दाखवू. प्लेट गेली आसंल तर गाडी याच्याकडं. तू शेड बघ गो."

म्हसा गावाच्या रस्त्यावरच्या मेस्त्रीने हँडब्रेक ओढला, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली आणि क्लच सोडला. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं. म्हणजे प्लेट धरत होती. जळली असती तर इंजिन नुसतं घुमत राहिलं असतं. आमची तक्रार उलटी होती: पेडल दाबलं तरी प्लेट इंजिनाला सोडत नव्हती. त्याने केबल आवळली, गाडी पुढे-मागे करून दाखवली. कसलाही आवाज नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पुन्हा तोच तमाशा. परत नेली, तर त्याच्याकडे परत शहाण्यासारखी वागली.

"माझ्याकडं बरी चालते," मेस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाला. "सोमवारी आणा. गिअरबॉक्स उतरवून बघू."

दिराने सोमवारपासून नाश्ता कुठे करायचा याचे बेत सुरू केले.

आता सासऱ्यांच्या नियमाबद्दल सांगायला हवं. गाडी म्हणजे लक्ष्मी, म्हणून तिच्यात चपला घालून बसायचं नाही. सगळ्यांच्या चपला पिशवीत, पिशवी मागे अंड्यांच्या ट्रेजवळ. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. उन्हाळ्यात पायाखालचा पत्रा तव्यासारखा तापतो. म्हशापर्यंतच्या एकाच फेरीत सासऱ्यांचे तळवे भाजले. नियम सोडायचं काही त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी पुढे एक गोणी दुमडून घातली, तिच्यावर सतरंजीची चौपदरी घडी, थेट माझ्या पायांखालपर्यंत. मी गाडी हातात घेतली तोच तो आठवडा.

सोमवारच्या आदल्या दिवशी एका वळणावर गाडीने गचका दिला आणि वरचा ट्रे पुढे आला. बलक सतरंजीत, गोणीत, माझ्या बोटांत. घरी येऊन दोन्ही धुऊन वाळत घातली आणि उरलेली अंडी द्यायला तशीच निघाले. पहिला गिअर गपचूप पडला. रिव्हर्सही. तळवे भाजत होते, तरी मी गाडी अंगणात चार वेळा मागे-पुढे केली.

मग वाकून पेडल हाताने दाबून बघितलं. पत्र्यापर्यंत जात होतं. ओली गोणी आणि सतरंजी घालून दाबलं, तर वरच अडलं. म्हणजे मी तळापर्यंत दाबत होते ते सतरंजीच्या तळापर्यंत, आणि क्लच अर्धवटच सुटत होता. मेस्त्री हात तेलकट म्हणून दर वेळी ते सामान आधी बाहेर काढायचा आणि काम झाल्यावर नीट घडी घालून परत ठेवायचा.

मी सासऱ्यांना आणि दिराला अंगणात बोलावलं. सतरंजी घालून रिव्हर्स टाकला: किंचाळी. काढून टाकला: शांतता.

"बाबा, प्लेट धड आहे. लक्ष्मीचं अंथरूण जास्त झालं."

सासरे सतरंजीकडे बघत राहिले. "मंग चपला घालून बसायचं?"

"पाय भाजून घ्यायचे नसतील तर."

संध्याकाळी सासरे बाजारातून रबरी चपलांचा नवा जोड घेऊन आले. "या गाडीतच राहतील. जमिनीला लावायच्या नाय. आन् चालवनाऱ्यालाच."

सोमवारी गिअरबॉक्स जागेवर राहिला आणि गोणी-सतरंजी घरी. दीर "मदतीला" म्हणून शेजारी येऊन बसला, अनवाणी. मी नव्या चपला घालून पहिला गिअर टाकला. वाटेतल्या टोकावड्याच्या अलीकडेच त्याने दोन्ही पाय सीटवर घेतले.

"वहिनी, जरा थांबवा ना कुठं."

"हॉटेलात थांबायचंय की," मी म्हणाले. "वैशाखऱ्याच्या. आधी शेवटचं गिऱ्हाईक करू."